पिवळ्यात शेंदूर

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत एक जनावर आहे आणि त्याचं नाव मी घेणार नाही. पिवळं अंग, काळे पट्टे, एवढ्यावर ओळखा. हसायचं तर हसा. मी नानाजी, वडशाच्या शाळेत सुतारकाम शिकवणारा मास्तर, चार बुकं वाचलेला माणूस. पण आमच्या झाडीपट्टीत, वैनगंगेकाठच्या मुलुखात, जंगलाच्या कडेला उभं राहून त्याचं नाव कोणी घेत नाही. 'जनावर' म्हणतात, 'मोठा' म्हणतात, नाही तर नुसतं 'तो'. आणि याहून कडक नेम आणखी एक आहे. तो कोणाच्या घरामागे बसलेला दिसला, तर ते ठिकाण तोंडानं बोलायचं नाही. ठिकाण बोललं की ते घर त्याला दिलं, असं म्हातारे सांगत. माणसाला काही तरी निमित्त काढून तिथून हलवायचं, डबे वाजवायचे, वाट्टेल ते करायचं, पण 'तुझ्या घरामागं तो हाय' हे शब्द काढायचे नाहीत.

मी हे सगळं थोतांड समजत होतो. आता काय समजतो ते मलाच सांगता येत नाही, आणि कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं.

गोष्ट इनायत पेंटरची. झाडीपट्टीतल्या नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवायचा. त्या काळी एखाद्या मंडळीकडे तीन पडदे असले की ती श्रीमंत: महाल, रस्ता आणि जंगल. महाल-रस्ता कोणीही रंगवी. जंगल मात्र इनायतचंच. बांबूच्या पानांमागे 'तो' दबा धरून बसलेला असायचा. दोन डोळे आणि खांद्याचा एक तुकडा, बाकी सगळं पानांत. पडदा उघडला की पहिल्या रांगेतल्या बाया लेकरं मांडीवर ओढून घेत. इनायत पंचेचाळिशीचा, उंच, काटकुळा, दाढीत कायम सफेद्याचे ठिपके. मी म्हणायचो, "अबे इनायत, तुही दाढी पिकली का रंगली, ते तरी सांग." तो म्हणायचा, "मय्यत के दिन धोके देखना, नानाजी."

घर मोहटोलीत. वडशापासून कोसभर, दहा-बारा घरांची टोली, त्यातलं अगदी शेवटचं घर त्याचं. वीस हात लांबीचा पडदा वाळत घालायला वडशात जागा मिळेना, म्हणून तो तिथं जाऊन राहिला होता. घराच्या मागे शेळ्यांचे खुंटे, मग गवताचा पट्टा, मग सिंदीची झुडपं, मग नाला, आणि नाल्यापलीकडे जंगल.

बायको खुर्शीदा. तिला मी भाभी म्हणायचो. नवऱ्याचे सगळे रंग तीच वाटायची. रंगाचा पाटा वेगळा, चटणीचा वेगळा, आणि एखाद्या पाहुणीनं चुकून पाटा बदलला तर भाभीचा आवाज वडशापर्यंत यायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसभर दोघं भांडायची आणि एकमेकांशिवाय घास गिळायची नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या साली इनायतचं जे काही पणाला लागलं होतं ते म्हणजे ही बाई. चित्रं नव्हेत. तेव्हा आम्हाला ते कळलं नाही, हा आमचा नालायकपणा.

सत्तावन साली थंडीच्या तोंडावर बांबूच्या ठेक्यावरचे एक साहेब वडशाला नाटक पाहायला आले. मुंबईकडचे, चित्रांचा नाद असलेले. मध्यंतरात आम्ही त्यांना चहाला स्टेजमागे नेलं आणि तिथं त्यांनी जंगलाच्या पडद्याची उलटी बाजू पाहिली. कापडातून रंग पाझरून मागे नुसते डाग उमटतात. झाड नाही, पान नाही, हिरवा आहे, काळा आहे, मातकट आहे. साहेब चहा गार होईस्तोवर तिथंच उभे. मग म्हणाले, "पेंटर, तुमचं खरं चित्र इकडे आहे."

मी मनात म्हटलं, साहेबाले भांग चढली वाटते. पण इनायतचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. वीस वर्षं पडदे रंगवून त्याला 'तुमचं चित्र' असं कोणी म्हटलं नव्हतं.

साहेबांनी त्याला एक रीत शिकवली. "डोळे बारीक करा. इतके बारीक की वस्तू जातील आणि रंग उरतील. झाड म्हणू नका, गवत म्हणू नका. नाव विसरा. जो रंग दिसतो तो लावा, बस." इनायतनं ते गंड्यासारखं गळ्यात बांधलं. मंडळीवाले हसले. वडशात बांगड्या विकणारा त्याचा साळा गफ्फार तेवढा खूश झाला; जिवंत प्राण्यांची चित्रं काढणं त्याला धर्माविरुद्ध वाटे. "चलो, सूरतें बनाना तो छूटा," म्हणाला.

दिवाळीपासून इनायत रोज सकाळी मागच्या दाराच्या दगडावर बसायला लागला. ऊन पाठीवर, डोळे बारीक, समोर तेच गवत, तीच सिंदी, तोच नाला. आठ-नऊ दिवसांत एक चित्र. मी त्याला सागाच्या चौकटी करून द्यायचो, तो त्यावर मांजरपाट ताणायचा. चौकटीच्या मागे मी पेन्सिलनं आकडा टाकायचो: एक, दोन, तीन. खरं सांगतो, सुरुवातीला मला त्या चित्रांत ढेकळं कळलं नाही. पण रोज पाहून पाहून काही तरी व्हायला लागलं. तिसऱ्या चित्रापुढं मी बिडी विझेपर्यंत उभा राहिलो. आणि मग मला नवी खोड लागली. कोणी विचारलं, "मास्तर, हे काय काढलं जी?" की मी साहेबांच्या थाटात सांगायचो, "याच्यात काई शोधाचं नसते. नुसतं पाहाचं असते." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

याच दिवसांत ते जनावर बिघडलं होतं. दसऱ्याच्या सुमाराला नदीपलीकडे दसरू नावाचा गुराखी नेला. मग सरपणाला गेलेली एक बाई. मग पौषात बांबू तोडणारा एक माणूस, तो तर भर दुपारी, सोबतचे चौघं बिडी पेटवत असताना. लोक डबे वाजवत शेतात जाऊ लागले. पण हे सगळं आमच्यापासून सहा-सात कोसांवर. मोहटोलीत नुसती बातमी यायची. कधी एखादं कुत्रं नाहीसं व्हायचं, आणि कुत्रं काय, बिबटही नेतो.

पौषातच एकदा मी चौकट ठोकत बसलो होतो. इनायत वाटीत पिवळा घोटत होता. घोटता घोटता म्हणाला, "नानाजी, एक गंमत पाह्य. गवताचा पिवळा आपल्या पिवडी मातीतून येते. पिवडी अन् थोडा सफेदा. पन तिथी एक पिवळा हाय, त्याले पिवडी पुरत नाई. त्याच्यात चिमूटभर शेंदूर टाकावा लागते."

"कुठी?"

"तिथी," त्यानं ब्रश गवताकडे केला. "सकाळी असते, मंग ऊन चढलं का जाते. काल जरा वर होता, आज खाली हाय."

"काय हाय ते?"

"नाव नाई द्याचं ना, यार!" तो हसला. भाभी पाट्यावर शेंदूर वाटत होती, तीही हसली. मी डोळ्यांवर हात धरून गवताकडे पाहिलं. ऊन चढलं होतं. मला गवतच दिसलं.

आता मनकर्णा. ही शेजारच्या मुखरूची बायको. धानाची शेती, चार एकर, दोघंही राबणारी. मनकर्णाबाई बुटकी, काळी, बोलायला कमी आणि कामाला वाघी... पाहा, निघालंच तोंडातून. असो, कामाला खंबीर म्हणू. ती सकाळी चुलीसाठी विस्तू न्यायला भाभीकडे यायची. त्या दिवशी सातवं चित्र भिंतीला टेकवून वाळत ठेवलं होतं. मनकर्णा विस्तवाचं खापर हातात घेऊन मागे वळली आणि थांबली. किती वेळ थांबली म्हणता? खापर तापून हाताला चटका बसला तेव्हा तिनं ते खाली ठेवलं. चित्राकडे पाहिलं, मग मागच्या दारातून गवताकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे.

"इनायतभाऊ," ती म्हणाली, "हे घरात ठेवू नका."

"काऊन बाई?"

"नका ठेवू. अन् भाभीले चार दिवस वडश्याले धाडा, गफ्फारभाऊकडं."

इनायतचं तोंड उतरलं. सगळं गाव हसत होतं, त्यात आता शेजारीणही. आणि मी? माझ्या अंगात तर साहेब शिरला होता. मी हातोडा खाली ठेवून मोठ्यानं हसलो. "मनकर्णाबाई, तुले काय समजते याच्यातलं? गाढवाले गुळाची चव काय!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काही तरी मागितल्यासारखं पाहिलं, आणि मी ते दिलं नाही.

"मले काई समजत नाई, नानाजीभाऊ," ती म्हणाली. "तरी धाडा."

भाभी म्हणाली, "मी गेली तं शेळ्या कोन पाहीन?" आणि विषय मिटला. मनकर्णा विस्तू न घेताच गेली.

त्या दिवसापासून एक नवीनच सुरू झालं. रोज चारच्या सुमाराला, भाभी शेळ्या आणायला आणि पाणी भरायला मागे निघाली की मनकर्णा हजर. हातात रॉकेलचा रिकामा डबा आणि काठी. डबा बडवत भाभीच्या पुढं चालायची, भाभी मागे. भाभी चिडायची. "मनकर्णा, तुले घरी काम नाई का वो? माह्या शेळ्या आवाजानं भडकून राह्यल्या!" मनकर्णा आणखी जोरात डबा बडवायची. मी आणि इनायत दगडावर बसून हे पाहायचो आणि हसायचो. इनायत म्हणाला, "बिचारीले वाईट वाटलं असन, चित्राले नाव ठेवलं म्हून. आता भरपाई करून राह्यली." मलाही ते पटलं.

माघात साहेबांनी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, प्रदर्शन ठरवलं. एकट्या इनायतच्या चित्रांचं, तीन दिवस, एका मोठ्या दिवाणखान्यात. छापील कागद निघाला. त्यावर 'चित्रकार इनायत' असं वाचून इनायतनं तो कागद तीनदा घडी करून खिशात ठेवला आणि तीनदा काढला. अकरा चित्रं आम्ही चादरीत गुंडाळून छोट्या लाईनच्या गाडीनं नेली. निघताना भाभी दारात उभी होती. तिलाही यायचं होतं. पण शेळी विणार होती, म्हणून तिसऱ्या दिवशी मनकर्णाबरोबर येईन म्हणाली. इनायत म्हणाला, "नक्की ये. तूच वाटले ते रंग." ती म्हणाली, "मंग माहं नाव काऊन नाई टाकलं कागदावर?" दोघं भांडत भांडतच वेगळी झाली. मनकर्णा कुंपणापाशी उभी होती. तिनं मला हाक मारली, "भाऊ, लवकर या." मी हात हलवला.

चित्रं मी लावली. मागचे आकडे पाहून ओळीनं, एक ते अकरा, दारापासून सुरू होऊन खोलीला वळसा घालून पुन्हा दारापाशी. पहिला दिवस चांगला गेला. वकील आले, मास्तर आले, मिशनच्या दवाखान्यातली मंडळी आली. कोणी मान हलवली, कोणी जांभई दिली. एक म्हातारे वकील म्हणाले, "ह्यात मला काही तरी येतंय असं वाटतं. माझ्याकडे." त्यांनी शालीचं टोक ओढून घेतलं आणि लवकर गेले. इनायत खूश. मी दाराशी उभा राहून प्रत्येकाला सांगत होतो, "काही शोधू नका. नुसतं पाहा." दिवसभरात शंभरदा तरी म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला साहेबांनी लालसूला आत बोलावलं. लालसू म्हणजे साहेबांचा जंगलातला वाटाड्या, भामरागडकडचा माडिया आदिवासी, पन्नाशीचा. मातीवरचा माग वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. साहेब कौतुकानं म्हणाले, "ये, बघ, तुझं जंगल कसं काढलंय." मी लगेच माझं पालुपद लावलं, "लालसू, याच्यात काई शोधाचं नसते."

त्यानं माझं ऐकलं नाही. पहिल्या चित्रापाशी गेला आणि हात पाठीशी बांधून उभा राहिला. मग दुसऱ्या. तिसऱ्यापाशी तो उकिडवा बसला, जंगलात बसतात तसा. मग उठून चौथ्या, पाचव्या. सातव्यापाशी त्याचा श्वास मला ऐकू यायला लागला. तिथून तो पुन्हा पहिल्याकडे गेला आणि सगळी ओळ नव्यानं चालत आला. अकराव्यापाशी थांबला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. माघ महिना, फरशी पायाला गार लागत होती.

"कोनी काढलं?" त्यानं विचारलं.

"मी," इनायत म्हणाला.

"कुठी बसून?"

"घराच्या मागं. दारात."

"सगळे एकाच जागी बसून?"

"हो."

"घरी कोन हाय?"

"घरवाली हाय," इनायत म्हणाला. "काऊन?"

लालसूनं साहेबांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे, टांग्यांकडे. मग हळू म्हणाला, "गावात असतो तं नसतो बोललो. चांदा लांब हाय. इथून त्याले ऐकू नाई जात." तो पहिल्या चित्रापाशी गेला आणि कापडाला बोट न लावता त्या पिवळ्या डागाकडे दाखवलं. "इथी तो नाल्यावर हाय." तिसरं. "इथी सिंदीत." सातवं. "इथी गवतात आला. निजला नाई, बसून हाय. घराकडं तोंड हाय." मग तो शेवटच्या चित्रापाशी आला. "अन् इथी शेळ्यांच्या खुट्यापाशी. ह्या उभ्या काड्या गवताच्या नाई, भाऊ. गवतात एवढा लाल नसते."

"शेंदूर," इनायत म्हणाला. एवढंच. मग त्यानं छापील कागद खिशातून काढून मुठीत धरला.

मी ती अकरा चित्रं माझ्या हातांनी टांगली होती. चौकटी ठोकल्या होत्या, आकडे टाकले होते. आणि त्या क्षणी मी ती पहिल्यांदा पाहिली. तो डाग पहिल्या चित्रात नखाएवढा, वरच्या कोपऱ्यात. प्रत्येक चित्रात थोडा खाली, थोडा मोठा. अकराव्यात माझ्या तळव्याहून मोठा. तीन महिने तो रोज सकाळी त्या घराकडे पाहत बसला होता, आणि इनायत डोळे बारीक करून त्याचा रंग कालवत होता, आणि त्याची बायको तो रंग वाटत होती.

साहेबांनी जीप काढली. लालसू पुढं बंदूक धरून, आम्ही दोघं मागे. मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, एकेक गाव मागे पडत गेलं. रस्ता कसला, धुळीचा लोट. दर मैलाला वाटायचं, आता चाक निघतं. इनायत छापील कागद हातात धरून बसला होता, तो घामानं भिजून फाटला तरी त्यानं सोडला नाही. अख्ख्या वाटेत तो एकदाच बोलला.

"मनकर्णा बोलली होती, नानाजी."

मला खापर खाली ठेवणारा तिचा हात दिसत होता. मी हसलो होतो तो आवाज मलाच ऐकू येत होता. घरात ठेवू नका, भाभीला धाडा. बाईनं ठिकाण न बोलता जेवढं बोलता येतं तेवढं सगळं बोलून दाखवलं होतं. मी काही परक्या मुलुखातला नव्हतो. तो नेम मी आईच्या मांडीवर शिकलो होतो. ती आपल्या नेमानं सावध करते आहे हे मला कळायला हवं होतं, आणि मी समजलो, बाई चित्राला नावं ठेवते आहे. थू माझ्या शहाणपणावर.

वैनगंगेला पाणी घोट्याएवढं होतं, पण वाळूत जीप रुतली. फांद्या टाकून, ढकलून काढेपर्यंत पाऊण तास गेला. इनायत वाळूत गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चाकाखालची वाळू उकरत होता. साहेब त्याला बाजूला व्हा म्हणाले, त्यानं ऐकलं नाही.

मोहटोलीत पोचलो तेव्हा पाच वाजले असतील. ऊन अजून झाडांवर होतं. इनायतच्या अंगणात सगळी टोली जमलेली. जीप थांबण्याआधीच इनायतनं उडी टाकली आणि पडला. उठला, पुन्हा चालला, आणि माणसं बाजूला झाली.

खुर्शीदाभाभी उंबऱ्यावर बसली होती. जिवंत. मांडीवर रॉकेलचा डबा, एका बाजूनं चेपलेला. इनायतनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती अंगणात पाहत होती. तिथं बाजेवर पांढरं धोतर पांघरलेलं होतं, आणि बाजेशी मुखरू बसला होता, कुऱ्हाड मांडीवर आडवी ठेवून.

"ती माह्या पुढं चालून राह्यली होती," भाभी म्हणाली. "रोजच्यावानी. शेळी सिंदीकडं पळाली, मी धावली. तं तिनं मले ढकललं. मांगं ढकललं. 'तू राह्य,' म्हने, 'मी आनतो.' अन् गेली डबा वाजवत. मंग डब्याचा आवाज थांबला."

तासाभरापूर्वीची गोष्ट. आम्ही वाळू उकरत होतो तेव्हाची. मुखरू आणि टोलीतली माणसं कुऱ्हाडी घेऊन सिंदीत शिरली होती आणि तिला घेऊन आली होती. ज्यानं नेलं तो निघून गेला होता.

इनायत मुखरूसमोर जाऊन बसला. हात जोडले. मुखरूच म्हणाला, "मलेबी नाई सांगतलं तिनं, भाऊ. मी इचारलं, रोज कुठी जातेस डबा घेऊन? म्हने, भाभीले एकटं वाटते." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता कुऱ्हाड उचलतो. त्यानं उचलली असती तर मी हललो नसतो.

साहेबांनी शिकारी आणले. आठ दिवस मचाणं, बांधलेले बोकड. तो आला नाही. नंतरही त्या भागात कोणी त्याला पाहिलं नाही, आणि तो मेला असंही कोणी सांगितलं नाही. चित्रं चांद्याहून परत आली. साहेबांना ती मुंबईला न्यायची होती, दोनदा माणूस पाठवला. इनायतनं ती भिंतीकडे तोंड करून रचून ठेवली आणि मागच्या दाराला खिळे मारले. ब्रश धरला नाही. मंडळीवाले नवा पडदा मागायला आले, त्यांना भाभीनं अंगणातूनच परत लावलं.

चैत्रात मुखरू माझ्याकडे आला. आमच्याकडे त्या जनावरानं माणूस नेलं की त्या जागी सागाचा खांब पुरतात आणि खांबावर त्याचंच चित्र करतात, तोंडापासून शेपटीपर्यंत. मग त्याला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा, की पुन्हा या वाटेला येऊ नको. मुखरू म्हणाला, "खांब तू घडव. अन् चित्र इनायतभाऊ काढन."

"तो नाई काढाचा," मी म्हटलं. "आता तं मुळीच नाई."

"काढन," मुखरू म्हणाला.

खांब मी घडवला. सात दिवस लागले, दोन दिवसांचं काम. सिंदीच्या कडेला आम्ही तो पुरला, सकाळच्या उन्हात, टोलीतली सगळी माणसं मागे उभी. इनायत येईल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यानं मागच्या दाराचे खिळे काढले आणि त्याच दारातून तो आला. मागून भाभी, डोक्यावर रंगाचा पाटा घेऊन. ती खाली बसली आणि पिवडी वाटायला लागली. मग शेंदूर. इनायतनं वाटीत पिवळा घेतला, चिमटीनं शेंदूर टाकला, बोटानं घोटला, आणि आम्हा तिघांनाही तो रंग ओळखू आला.

तो उभा राहून रंगवत होता, डोळे सताड उघडे, पापणी लवू न देता. कान काढले. जबडा काढला. एकेक मिशी, एकेक पट्टा, पंजाची नखं काढली. वीस वर्षं पानांत लपवलेलं सगळं अंग त्यानं त्या दिवशी उघड्यावर आणलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"नानाजी, हे काय हाय?"

मी खांबाकडे पाहिलं. पलीकडे दहा हातांवर जंगल. टोलीतली म्हातारी माणसं माझ्याकडे पाहत होती.

"वाघ," मी म्हणालो.

कोणी मला गप्प केलं नाही. मुखरू खांबाच्या बुडाशी माती दाबत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"मोठ्यानं म्हन, भाऊ," तो म्हणाला. "तिले म्हनता नाई आलं."

मी मोठ्यानं म्हणालो. खुर्शीदाभाभीचा पाट्यावरचा हात थांबला, आणि आम्ही सगळे जंगलाकडे कान लावून उभे राहिलो.